सिटी सेंटरमधला फ्लाइट सिम्युलेटर: जेटसाठी गेलो, आवडलं सेस्ना

ग्वाल्हेरला सिटी सेंटरच्या मागच्या गल्लीत वरच्या मजल्यावर जो फ्लाइट सिम्युलेटर सुरू झालाय तिथे अकरावीतल्या भाच्याला घेऊन जाऊन आलो. पाचात चार स्टार देतोय, आणि ते चारही तिथे शिकवणाऱ्या सरांचे आहेत, मशीनचे नव्हेत.

मशीन म्हणजे तीन मॉनिटर, योक (विमानाचं स्टिअरिंग), थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दांडा) आणि पायात पेडल्स. पेडल्स गुळगुळीत टाइल्सवर नुसते ठेवलेत, जरा जोर दिला की अख्खा सेट पुढे सरकतो, खाली एक रबरी मॅट टाकायला काय जातंय देव जाणे.

पण कॉम्प्युटर चालू करायच्या आधी सर टेबल फॅनसमोर थर्माकोलचा पंख धरतात, त्यावर लोकरीचे छोटे तुकडे चिकटवलेत, आणि पंख हळूहळू तिरपा करत नेतात. आधी सगळे धागे शहाण्यासारखे मागे पडलेले, मग मागच्या कडेचे वळवळायला लागतात, आणि अजून थोडं वर केलं की चक्क उलटे फिरून पुढे तोंड करतात. "हा स्टॉल. इंजिनाला काहीही झालेलं नाही, हवेनं पंख सोडलाय." खऱ्या विमानात हे साधारण १५-१६ अंशांना होतं म्हणे. भाच्यानं लगेच विचारलं, सर, वरच्या हवेला लांबचा रस्ता असतो आणि खालच्या हवेला गाठायचं असतं म्हणून ती पळते ना? सर म्हणाले, "गाठायचं तिच्यावर काही बंधन नाही बाळा, ती उलट आधीच पोचलेली असते. पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर, तिथून सुरुवात कर." पोराचा चेहरा बघण्यासारखा होता, शाळेच्या वहीत नेमकं तेच उलटं लिहिलेलं.

मग सेस्ना १७२, एका इंजिनाचं छोटं शिकाऊ विमान. डावीकडे वळायला योक डावीकडे फिरवला तर नाक आधी उजवीकडे सरकलं! उजव्या पंखाचं एलेरॉन (मागच्या कडेची हलणारी पट्टी) खाली जातं, तो पंख जास्त उचल घेतो आणि त्याबरोबर जास्त ड्रॅगही, म्हणजे हवेची मागे ओढ, म्हणून नाक तिकडे ओढलं जातं. समोरच्या नळीतला छोटा काळा बॉल डावीकडे गेला की डावा पाय दाबायचा, एवढंच सांगून सर गप्प बसले आणि आम्हाला धडपडू दिलं. नंतर ६० अंश कलवून उंची न सोडता वळण घ्यायला लावलं. सरळ उडताना फ्लॅप (हळू उडताना उचल वाढवायला पंखामागे खाली सोडायच्या पट्ट्या) न लावता जे विमान साधारण ४८ नॉटला (ताशी सुमारे ८९ किमी) स्टॉल होतं तेच इथे ६८ च्या आसपास होतं, कारण पंखावर वजन दुप्पट पडलेलं असतं, म्हणजे स्पीड आहे म्हणून सुरक्षित आहोत हा समज तिथेच गळून पडला.

एक मोठी उणीव, योकला जोरच जाणवत नाही. खऱ्या सेस्नात स्पीड वाढला की कंट्रोल जड होतात, स्टॉलच्या आधी थरथर हातात येते, इथे सगळं सारखंच मऊ.

आता जेट. आपल्याकडे महाराजपुऱ्याच्या हवाई दल तळावरची मिराज २००० लढाऊ विमानं रोज डोक्यावरून जातात त्यामुळे पोरांना तेच उडवायचं असतं, साहजिक आहे. त्याला मागे आडवी शेपूट नाही, त्रिकोणी पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, एलेव्हॉनच, नाक वरखाली पण करतात आणि विमान कलवतात पण. लँडिंगला नाक इतकं वर धरावं लागतं की रनवे शोधावा लागतो, आणि स्पीड पडला म्हणून नाक अजून वर ओढलं की ड्रॅग वाढून विमान आणखीच खाली बसतं, तिथे थ्रॉटलच द्यावा लागतो. गंमत म्हणजे फ्लाय-बाय-वायर (स्टिकचा हुकूम तारांतून कॉम्प्युटरमार्फत जातो) असल्यामुळे खऱ्या मिराजच्या स्टिकचा जोर पण बनवलेलाच असतो.

हायस्पीडचा भाग मात्र सरांनी घाईघाईत उरकला, बाहेर पुढची बॅच उभी होती. ११ किलोमीटर उंचीवर थंडीमुळे आवाजाचा वेग साधारण १०६२ किमी ताशी, जमिनीजवळ १२२५. विमान त्याच्या आत असतानाच पंखावरची हवा ठिकठिकाणी सुपरसॉनिक (आवाजापेक्षा वेगवान) होते, शॉक (हवेच्या दाबाची अचानक उडी) बसतो, उचल मागे सरकते आणि नाक खाली जातं. शेपटीवर शॉक असला की मागचं एलेव्हेटर (नाक वरखाली करणारी शेपटीची पट्टी) हलवून पुढच्या हवेला पत्ताच लागत नाही, म्हणून १४ ऑक्टोबर १९४७ ला अमेरिकन टेस्ट पायलट चक येगरनं बेल एक्स-१ या रॉकेट विमानात अख्खी आडवी शेपूट हलवायची सोय वापरून माक १.०६, म्हणजे आवाजाच्या १.०६ पट वेग गाठला. हे पाच मिनिटांत! यालाच निदान अर्धा तास हवा होता, तो एक स्टार इथेच कापला.

आणि हो, इथे ग्वाल्हेरच्या मोरार भागाकडे कानठळ्या बसल्या की "साउंड बॅरियर तोडला" म्हणतात ना, तो बहुतेक आफ्टरबर्नरचा (जेटच्या मागे जादा इंधन जाळून जोर वाढवायची सोय) आवाज असतो. बूम, म्हणजे सुपरसॉनिक विमानाचा धमाका, काही बॅरियर ओलांडतानाच एकदा होत नाही, विमान सुपरसॉनिक असेपर्यंत ती त्याच्या मागे जमिनीवरून सरकत राहते.

तासाचे ९०० रुपये. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी सेस्नाच घ्या, जेट दुसऱ्या वेळी. रविवारी संध्याकाळी बर्थडे पार्ट्यांची पोरं असतात, सर कोणाकडे बघू शकत नाहीत, त्यापेक्षा सकाळचा स्लॉट मागा. पार्किंग खालीच आहे पण कार लावायची हिंमत करू नका.