मुलींच्या ख्रिस्ती मासिकांसाठी लेखन: मिरजेतील दोन दिवसांच्या कार्यशाळेविषयी

बारा ते अठरा वर्षांच्या मुलींसाठी ख्रिस्ती मासिकांत कथा, लेख आणि मनन कसे लिहावे, एवढ्या एकाच विषयावर मिरजेत एका मंडळीच्या (चर्चच्या) सभागृहात गेल्या महिन्यात कार्यशाळा झाली. शनिवारचा पूर्ण दिवस आणि रविवारी उपासनेनंतरची दुपार अशी तिची वेळ होती. शुल्क आठशे रुपये असून त्यात दोन वेळचे जेवण आणि एक छापील पुस्तिका मिळाली. मी सांगलीहून जाऊन-येऊन ती पूर्ण केली. आम्ही बावीस जणी होतो. बहुतेक संडे स्कूलच्या शिक्षिका, काही पाळकीणबाई (चर्चच्या धर्मगुरूंच्या पत्नी), नर्सिंगच्या दोन विद्यार्थिनी आणि वाईहून आलेल्या एक निवृत्त शिक्षिका.

हा विषय मिरजेत निघावा याचे मला विशेष वाटले. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय सुरू केले, आणि त्याच्या आधाराने शिकलेली, वाचणारी ख्रिस्ती कुटुंबे या गावात पिढ्यानपिढ्या नांदत आहेत. मराठी ख्रिस्ती नियतकालिकांची परंपराही जुनी आहे: ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये अहमदनगरला निघाला, ‘निरोप्या’ १९०३ मध्ये. तरीही मी स्वतः आठवी-नववीत असताना माझ्या हाती जे पडायचे ते एकतर लहान मुलांचे पान असायचे, नाहीतर गृहिणींसाठीचे. चौदा वर्षांच्या मुलीशी तिच्या वयाचे कोणी बोलत आहे असे मला छापील पानावर कधी आढळले नाही, आणि म्हणूनच मी ही कार्यशाळा अपेक्षेने गाठली.

शनिवारचे पहिले सत्र एवढे चांगले झाले की केवळ त्यासाठी आठशे रुपये देणे योग्य ठरावे. मार्गदर्शक बाईंनी बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडायला सांगितला. त्यात याईर नावाच्या माणसाची मरणाला टेकलेली मुलगी बारा वर्षांची आहे, आणि येशू तिला बरे करायला जात असताना वाटेत जी स्त्री त्याच्या वस्त्राला शिवते ती बारा वर्षे रक्तस्रावाने आजारी आहे. मुलीचे सगळे आयुष्य आणि त्या स्त्रीचे सगळे दुखणे एकाच मापाचे आहे, हे इतकी वर्षे हा अध्याय शिकवूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. बाई पुढे म्हणाल्या की, पाळी आली म्हणून ज्या मुलीला कधी बाजूला बसावे लागले असेल तिला ‘शिवणे’ या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तो समजावून सांगणारा लेखक तिला परका वाटतो. मग त्यांनी अध्यायाच्या शेवटाकडे लक्ष वेधले. मुलगी उठून चालू लागते, सगळे थक्क होतात, आणि येशू दोनच गोष्टी सांगतो: हे कोणाला कळू देऊ नका, आणि तिला काही खायला द्या. उपदेश तिथे नाही. आजारातून उठलेल्या मुलीला भूक लागली असेल, याची आठवण मात्र आहे. आपल्या कथेच्या शेवटी मुलीला खायला काय मिळते, हे प्रत्येकीने आपापल्या मसुद्यात शोधावे, असा त्यांनी अभ्यास दिला.

दुपारी मसुदे वाचले गेले तेव्हा या अभ्यासाचा अर्थ स्पष्ट झाला. एका शिक्षिकेने ऑगस्ट २०१९ च्या महापुरावर कथा लिहिली होती. कृष्णेचे पाणी घरात शिरल्यावर एक मुलगी कुटुंबासह शाळेतल्या निवारा छावणीत येते आणि तिथे, अनोळखी माणसांनी भरलेल्या वर्गात, तिला पहिल्यांदा पाळी येते. कथा शेवटच्या परिच्छेदापर्यंत उत्तम होती. त्या परिच्छेदात मुलगी गुडघे टेकते, प्रार्थना करते आणि तिच्या मनातली सगळी भीती निघून जाते. बाईंनी तो परिच्छेद काढून कथा पुन्हा वाचायला लावली. आता ती जिथे थांबली तिथे शेजारच्या घरातली मावशी काही न विचारता स्वतःच्या कोरड्या साडीचा घडी केलेला तुकडा तिच्या हातात देते आणि दाराशी पाठ करून उभी राहते. सभागृहात काही क्षण कोणी बोलले नाही. प्रार्थना कथेत नसावी असे बाईंचे म्हणणे नव्हते. प्रार्थनेने भीती लगेच जाते असे लिहिले, तर जिची भीती प्रार्थनेनंतरही राहिली आहे ती वाचक मुलगी स्वतःलाच दोषी ठरवते, असे त्या म्हणाल्या. मला हे पूर्णपणे पटते. आमच्या संडे स्कूलमध्ये प्रश्न विचारणे बंद करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणी याच कारणाने गप्प झाल्या असाव्यात.

‘साक्ष’, म्हणजे आपल्या आयुष्यात देवाचा अनुभव कसा आला ते सांगणारी हकिकत, या प्रकारावरील चर्चाही मोलाची होती. मुलीची खरी हकिकत नाव बदलून छापण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. पण तीस-चाळीस कुटुंबांच्या मंडळीत नाव बदलून काहीच लपत नाही, कारण वडिलांचा व्यवसाय आणि घरातली भावंडे सांगताच सगळे ओळखतात. अत्याचाराच्या बाबतीत तर हा कायद्याचा प्रश्न आहे: बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ पीडित बालकाचे नावच नव्हे, तर पत्ता, कुटुंब, शाळा, शेजार असा ओळख उघड करणारा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास माध्यमांना मनाई करते. मासिक लहान आहे, आपल्याच लोकांचे आहे, म्हणून ही जबाबदारी कमी होत नाही.

रविवारचे सत्र त्या मानाने दुबळे होते. पुस्तिकेतले सर्व नमुने अमेरिकन मासिकांतले होते. त्यांचा अभ्यास व्हावा हे मला मान्य आहे. फोकस ऑन द फॅमिली या संस्थेचे ‘ब्रिओ’ हे किशोरवयीन मुलींचे मासिक १९९० मध्ये निघाले, २००९ मध्ये बंद पडले आणि २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाले, यावरून तिथे असा वाचकवर्ग वेगळा मानला जातो हे दिसते. परंतु सोळाव्या वर्षी मोटार चालवणाऱ्या आणि मित्राबरोबर फिरायला जाण्याविषयी आईशी वाद घालणाऱ्या मुलीवरचा लेख मराठीत उतरवून दिला, तर एसटीचा पास काढून तासगावहून क्लासला येणाऱ्या मुलीला तो दुसऱ्या कोणाचा वाटणारच. तिच्यापुढे वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचे गुण आहेत, भावाच्या हातातला आणि तिला न मिळणारा मोबाइल आहे, बारावीनंतर येणारी स्थळे आहेत. असा एकही नमुना पुस्तिकेत नव्हता, आणि आदल्या दिवशीच्या पूरकथेनंतर ही उणीव फारच जाणवली.

मानधन आणि हक्क यांना जेमतेम दहा मिनिटे मिळाली. सेवा म्हणून लिहायचे असले तरी लेख पुढे कोठे छापला जाईल हे लेखिकेला ठाऊक असले पाहिजे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. एवढे तरी पुस्तिकेच्या एका पानावर यायला हवे होते. लेख युनिकोडमध्ये पाठवावा आणि नाताळ अंकाचा मजकूर काही महिने आधी द्यावा, या सूचना मात्र उपयोगी होत्या. जेवण साधे आणि चांगले होते. सभागृहातल्या ध्वनिक्षेपकामुळे मागच्या रांगेत नीट ऐकू येत नव्हते.

संडे स्कूलमध्ये शिकवणाऱ्या आणि थोडेफार लिहिणाऱ्या कोणीही ही कार्यशाळा जरूर करावी, असे मी म्हणेन. फक्त शनिवारपुरते येता येत असेल तर तेवढेही पुरेसे आहे. पुढच्या वेळी दोन-तीन मुलींनाच वाचक म्हणून बोलवावे, अशी सूचना मी आयोजकांना लेखी दिली आहे. घरी आल्यावर मी तेच करून पाहिले. माझा मसुदा आमच्या मंडळीतल्या नववीच्या तीन मुलींना दिला आणि जिथे वाचावेसे वाटले नाही तिथे पेन्सिलीने रेघ मारायला सांगितले. तिघींनीही एकाच परिच्छेदापाशी रेघ मारली. मी तिथे बायबलमधले वचन सांगून त्याचा अर्थही सांगितला होता. वचन ठेवून अर्थ काढला आहे, आणि लेख येत्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याकडेच जाईल.