सिल्की म्हणून लेगहॉर्नचे नर गळ्यात मारले, ७,३३० रुपये गेले

आधीच सांगते, "ऑनलाइन पिल्लं कोण मागवतं का" म्हणणाऱ्यांनी इथेच थांबा, ते आमच्या घरात सगळ्यांचं बोलून झालंय. आणि मी काही डोळे झाकून पैसे टाकले नव्हते. आम्ही चिपळूणजवळ राहतो, परसात जागा आहे, खुराडं आहे, गावठी कोंबड्या आधीपासून आहेत. पण लेकीला हातात घेता येईल, मांडीवर बसेल अशी कोंबडी हवी होती आणि गावठी म्हणजे जवळ गेलं की कुंपणाच्या पलीकडे. कडकनाथही बुजरंच. शोधाशोध केल्यावर सगळीकडे एकच नाव, सिल्की. मऊ केसांसारखी पिसं, उडत नाही, माणसाला घाबरत नाही, सारखी खुडूक बसते त्यामुळे दुसऱ्यांची अंडीही उबवते. हे सगळं खरंच आहे, जातीबद्दल माझी तक्रार नाही.

विकणाऱ्याच्या पेजवर मस्त व्हिडिओ, खाली "दादा माल एक नंबर" छाप कमेंटी. फोनवर तर इतका गोड, ताई ताई करून, मुलीचं नाव विचारून, "ताई मुलांसाठी सिल्कीच घ्या, बाकी सगळ्या चोची मारतात". बारा पिल्लं, ३५० प्रमाणे ४,२००. सगळ्या माद्याच देतो म्हणून सेक्सिंगचे, म्हणजे नर-मादी ओळखून निवडायचे, ४८०. लसीकरण आणि हेल्थ सर्टिफिकेट ६५०. गाडीभाडं ९००. झाले ६,२३०, सगळे आधी. सर्टिफिकेट अजून यायचंय. आणि ही सेक्सिंगची भानगड नीट ऐका, सिल्कीत नर की मादी हे चार-पाच महिने भल्याभल्यांना कळत नाही. एवढुशा पिल्लात "शंभर टक्के मादी" म्हणणारा तिथेच खोटा पडतो, पण हे तेव्हा कोण सांगणार.

ट्रॅव्हल्सच्या गाडीने खोका आला, पहाटे हायवेवर उभं राहून घेतला, क्लीनरला तेवढंच माहीत की "पार्सल आहे". घरी बल्बखाली सोडली, पिवळीधम्मक, चिवचिवाट नुसता. लेकीने एक तळहातावर घेतलं आणि म्हणाली, आई याला चारच बोटं आहेत. मीच तिला वाचून दाखवलं होतं की सिल्कीला पाच बोटं असतात! मी बघितलं, चारच. पाय पण पिवळे आणि स्वच्छ, लव नावाला नाही. सिल्कीचे पाय काळपट असतात आणि बाहेरच्या बोटापर्यंत लव असते, हे सुद्धा मला माहीत होतं. लगेच फोटो पाठवला. तो म्हणाला, "ताई पाचवं बोट महिन्याने फुटतं, पायाची पिसं पण मागनं येतात, लहान आहेत ओ". बोट काय दुधाचा दात आहे का मागनं यायला! पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हाच पाच बोटं असतात. पण पैसे गेलेले, पिल्लं गारठलेली, लेक हरखलेली, अशा वेळी माणूस जे सांगतील ते ऐकतो, तुम्हीही ऐकलं असतं. तो क्षण आठवला की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन दगावली. "रिप्लेसमेंट देतो, फक्त १,१०० डिपॉझिट टाका, परत मिळतील." टाकले. एकूण ७,३३०. त्यानंतर नंबर ब्लॉक.

पुढे पिसं फुटली, साधी पांढरी कडक पिसं, लालभडक उभे तुरे, जाळीवरून उड्या, आणि लेकीच्या हाताला असं टोचलं की रक्त. पोल्ट्रीवर काम केलेले शेजारचे काका बघताक्षणी हसले, "अगं ही लेयरची, अंड्यांच्या जातीची नर पिल्लं, लेगहॉर्न". अंड्यांच्या कोंबड्यांच्या हॅचरीत निम्मे नरच निघतात, ते ना अंडी देत ना ब्रॉयलरसारखे भरत, म्हणून कवडीमोलाने जातात. बाजारात रंग मारून विकतात तीच ही. दहाच्या दहा नर! ४८० रुपये नेमके कशाचे घेतले मेल्याने?

आता साहेबलोकांचं ऐका. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, लागला तेव्हा विचारतात व्यवहार कधीचा, जुना आहे म्हटल्यावर आवाजातला उत्साहच संपला, पोर्टलवर टाका म्हणाले. टाकली. पोलीस ठाण्यात गेले तर हवालदार दुसऱ्याला हाक मारून सांगतोय, "या बाईंना कोंबडी पाहिजे होती, कोंबडा आला". सगळं ठाणं हसलं. मग म्हणे माल मिळालाय ना, मग फसवणूक कसली, ग्राहक आयोगात जा. अहो, एक दाखवून दुसरं द्यायचं आणि वर डिपॉझिट उकळायचं याला फसवणूक नाही तर काय म्हणायचं? पूर्वीचं ४२० आता न्याय संहितेत ३१८ झालंय, ते मी त्यांना सांगायचं का? बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारलं की ही सिल्की नाही एवढं लिहून द्या, तर "जातीचा दाखला आम्ही देत नाही". कोंबडीचाही जातीचा दाखला मिळेना! प्रत्येक जण दुसऱ्या दाराकडे बोट दाखवतो. पोर्टलवर तक्रार आजही "प्रक्रियेत".

ग्राहक आयोगात मात्र आपण राहतो तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, हे मला एका वकीलबाईंनी सांगितलं, ठाण्यात कुणी नाही. ती केलीये. स्क्रीनशॉट ठेवा, ब्लॉक व्हायच्या आधीच चॅट एक्सपोर्ट करा. पैसे घेणाऱ्या अकाउंटचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव वेगळं दिसलं (माझ्या केसमध्ये होतं, "मेव्हण्याचं आहे" म्हणाला) तर तिथेच थांबा. व्हिडिओ कॉलवर पिल्लाचा पाय दाखवायला सांगा. नाही म्हणाला की विषय संपला.

आणि कोकणवाल्यांनो, खरी सिल्की मिळाली तरी विचार करा, तिच्या पिसांवरून पाणी निथळत नाही, भिजली की पार चिंब, आपल्या पावसात तिला छपराखालीच ठेवावं लागेल. गरीब स्वभावाची हवी तर ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प बघा, नाहीतर गिरिराज, वनराज. सरकारी अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा, नंबर लावावा लागतो पण निदान समोर माणूस असतो. २०१९ मध्ये इस्लामपूरकडे कडकनाथच्या नावाने शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये बुडाले, त्यापुढे माझे ७,३३० काहीच नाहीत, म्हणून गप्प बसायचं का?

तोच माणूस परवा नव्या नावाच्या पेजवर दिसला, आता "ब्रह्मा" जातीच्या कोंबड्या विकतोय. व्हिडिओ जुनाच आहे, निळा टब, कड फुटलेली आणि तारेने शिवलेली. तो टब दिसला की पुढे जाऊ नका.