नवी म्हणून आलेली मोटर आमचीच होती

वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या काजू कारखान्यात फरशी झाडण्याचे, वर बसून चालवायचे, बॅटरीवरील यंत्र आहे. कारखान्यात सगळे त्याला स्वीपर म्हणतात. त्याची ड्राइव्ह मोटर, म्हणजे पुढचे चाक फिरवणारी मोटर, बदलण्याच्या नावाखाली आमच्याकडून ४२ हजार रुपये घेण्यात आले आणि आमचीच जुनी मोटर रंग देऊन, नवी म्हणून, पुन्हा बसवून देण्यात आली. कुडाळ, रत्नागिरी, लोटे येथील औद्योगिक वसाहतींत आणि मासळी व आंबा प्रक्रियेच्या कारखान्यांत अशी यंत्रे आता दिसतात. ती दुरुस्त करणारा माणूस मात्र बहुधा घाटावरून येतो, आणि त्याच्या शब्दाखेरीज पडताळणीचे दुसरे साधन अनेकांच्या हाताशी नसते. म्हणून हा प्रकार कसा घडवून आणला गेला, ते सविस्तर लिहीत आहे.

आमचे यंत्र २४ व्होल्टचे आहे. ६ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. ड्राइव्ह मोटर ६०० वॅटची, कार्बन ब्रशची (फिरत्या भागाला घासून वीज पोचवणाऱ्या कोळशाच्या तुकड्यांची) आणि आत कायमस्वरूपी चुंबके असलेली आहे, म्हणजे तिच्यात फील्ड कॉइल, म्हणजे चुंबकत्व निर्माण करणारे तारेचे वेटोळे, नसते आणि तिच्यातून फक्त दोनच जाड केबली बाहेर येतात. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला. यंत्राचे काम काजूबी वाळवण्याच्या अंगणात आणि गोदामात चालते, आणि तिथे टरफलाची कूच, फोलपटे, धूळ आणि बारदानाची सुतळी यांचा रोजचा सडा असतो.

हंगाम संपत आला असताना यंत्र अंगणातून गोदामात जाणाऱ्या चढावर अडू लागले. सपाटीवर ते चाले, चढावर थांबे, कंट्रोलरचा, म्हणजे मोटरला वीज कमीजास्त सोडणाऱ्या पेटीचा, दिवा लुकलुके आणि मोटरला हात लावला तर चटका बसे. यंत्र विकणाऱ्या कंपनीचा माणूस येण्यास वेळ लागणार होता, त्यामुळे ओळखीतून एका बाहेरच्या मेकॅनिकचा क्रमांक मिळाला. तो आला, त्याने सीट उचलून वास घेतला, मोटरवर तळवा ठेवला आणि म्हणाला, "साहेब, आर्मेचर गेलं. ही मोटर आता रिवाइंड करूनही टिकायची नाही." आर्मेचर म्हणजे मोटरच्या आतला तार गुंडाळलेला फिरता भाग, आणि रिवाइंड म्हणजे ती तार नव्याने गुंडाळणे. त्याने मीटर बॅगेतून बाहेरसुद्धा काढला नाही. आमच्या फिटरने तसे विचारले, तेव्हा "वर्कशॉपला बेंचवर लावून बघतो, मग खात्रीनं सांगतो" असे उत्तर मिळाले, आणि ते उत्तर ऐकायला रास्तच होते. मोटर उतरवून तो घेऊन गेला.

नंतर व्हॉट्सॲपवर दोन छायाचित्रे आली. एकात काळे पडलेले आर्मेचर होते आणि दुसऱ्यात जळून खाक झालेली फील्ड कॉइल. सोबत निरोप होता की कंपनीची नवी मोटर ४६ हजारांना आहे, परंतु जुनी मोटर बदल्यात ठेवली तर ४ हजार कमी होतील. निम्मी रक्कम आधी पाठवावी, जीएसटीचे बिल मोटरसोबत येईल, आणि सहा महिन्यांची गॅरंटी राहील. यंत्र बंद पडल्यामुळे झाडायला जास्तीच्या बाया लावाव्या लागत होत्या, आणि पावसाआधी गोदाम स्वच्छ करून माल आत घेणे भाग होते. २१ हजार रुपये त्याने दिलेल्या क्रमांकावर यूपीआयने गेले. ते खाते फर्मच्या नावाचे नव्हते, एका व्यक्तीच्या नावाचे होते.

या सगळ्या व्यवहाराचे मर्म त्या ४ हजारांच्या सवलतीत आहे, असे माझे मत आहे. सोनाराकडे जुनी बांगडी मोडीत देऊन नवी घ्यावी, तसा हा सौदा वरकरणी वाटतो. परंतु सोनार बांगडीचे वजन आपल्यासमोर करतो, आणि इथे जुनी वस्तू आपल्या नजरेआड शंभरेक किलोमीटरवर गेलेली असते. एकदा बदल्यात देणे मान्य केले, की जुनी मोटर परत मागण्याचा हक्क आपण स्वतःहून सोडलेला असतो, आणि जुनी मोटर कोणी मागणारच नसेल तर विकणाऱ्याकडे दुसरी मोटर असण्याची गरजच उरत नाही. सवलत देऊन तो पुरावाच विकत घेतो, तोही आपल्याच पैशांतून.

मोटर मुंबईहून येणार असे सांगितले होते. प्रत्यक्षात ती कोल्हापूरकडून येणाऱ्या एका खासगी बसच्या डिकीतून, गोणपाटात गुंडाळून आली. कंपनीचा खोका नव्हता, ट्रान्सपोर्टची बिल्टी नव्हती, आत तपासणीचा कागद नव्हता. तकतकीत काळा रंग आणि त्यावर चिकटवलेले नवे लेबल मात्र होते. मेकॅनिकने येऊन ती बसवली, यंत्र चढ चढले, आणि उरलेले २१ हजार त्याच दिवशी देण्यात आले. ते चढले यात काही जादू नव्हती, हे पुढे कळले.

बिल पीडीएफमध्ये आले. त्यावर पंधरा आकडी-अक्षरी जीएसटी क्रमांक होता, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७ होता, मोटरचा ८५०१ हा एचएसएन (वस्तूच्या वर्गाचा) क्रमांकही बरोबर होता. परंतु आमच्या हिशेबनिसाला ते बिल जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी आमच्या नावे दाखवलेल्या बिलांच्या यादीत, दिसेना, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर करदात्याचा शोध घेतल्यावर तो क्रमांक वेगळ्याच नावाच्या व्यवसायाचा, आणि नोंदणी रद्द झालेला, असा निघाला. म्हणजे कर भरल्याचे कागदावर दाखवून तो कर सरकारजमा झालाच नव्हता, आणि आम्हाला त्याचे क्रेडिट (कराची वजावट) मिळण्याचा मार्गही बंद होता. हे शोधायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत, आणि हा शोध कोणीही, कुठेही लॉगइन न करता घेऊ शकतो.

पाऊस सुरू झाल्यावर मोटर पुन्हा तापू लागली. फोनवर मेकॅनिकने आधी बॅटरीला दोष दिला, मग "तुम्ही ओव्हरलोड केलंत, हे गॅरंटीत बसत नाही" असे सांगितले, आणि त्यानंतर फोन उचलणे बंद केले. तेव्हा आमच्या फिटरने मोटर स्वतः उतरवली. मागचे झाकण काढण्यासाठी त्याने रंग खरवडला आणि हात थांबवून तो म्हणाला, "साहेबांनू, ही तर आपलीच मोटर आसा."

जाणत्या फिटरला मोटर उघडण्यापूर्वी झाकणावर आणि बॉडीवर सेंटर पंचने (हातोडीने ठोकायच्या टोकदार पोलादी सळईने) समोरासमोर टिंब मारण्याची सवय असते, कारण ब्रशची जागा थोडीशी जरी सरकली तरी ठिणग्या वाढतात आणि झाकण पुन्हा त्याच कोनात बसावे लागते. पूर्वी ब्रश बदलताना आमच्या फिटरने अशी दोन टिंबे मारली होती, आणि त्यातले एक पंच घसरल्यामुळे तिरके, शेपटी असलेले उमटले होते. रंगाखाली तीच तिरकी खूण तशीच होती. दुरुस्तीच्या नोंदवहीसाठी त्या वेळी मोबाइलवर काढलेले छायाचित्रही मिळाले, आणि त्यावर तारीख होती.

आत जे दिसले त्याने उरलीसुरली शंका मिटली. वाइंडिंगवरचे वार्निश जुने, तपकिरी पडलेले होते, म्हणजे रिवाइंडिंगसुद्धा झालेले नव्हते. कम्युटेटर, म्हणजे ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, पॉलिश पेपरने घासून चकाकवलेला होता आणि त्याच्या पट्ट्यांमधल्या खाचांत एमरीचे, म्हणजे त्या कागदावरच्या खरखरीत भुकटीचे, कण अडकलेले होते. एमरीचे कण वीजवाहक असल्याने कम्युटेटरला एमरी लावू नये, काचपेपर वापरावा, हे आयटीआयमधल्या मुलालाही शिकवतात. ब्रश नवे होते, पण कुठल्या तरी दुसऱ्या मोटरचे, कानसीने घासून बसवलेले, आणि एवढ्यातच निम्मे झिजलेले. ज्या जळक्या फील्ड कॉइलचे छायाचित्र आम्हाला पाठवले होते, तशी कॉइल या मोटरमध्ये असूच शकत नाही, कारण तिथे चुंबके आहेत. ते छायाचित्र कोणाच्या मोटरचे होते, ते त्यालाच ठाऊक. ४२ हजारांत आम्हाला मिळाले ते एवढेच: चुकीच्या ब्रशची जोडी, थोडा पॉलिश पेपर आणि रंग.

मूळ बिघाड काय होता, हेही सांगितले पाहिजे, कारण तो आमच्यासारख्या अनेक ठिकाणी असणार. ब्रश झिजून आखूड झाले होते, आणि पुढच्या चाकाच्या हबमध्ये बारदानाची सुतळी इतकी गुंडाळली गेली होती की सीलपर्यंत पोचून ती घट्ट दोरखंड झाली होती. मोटर चाकाशी नव्हे, त्या सुतळीशी झगडत होती. यंत्र जॅकवर उचलून, चाक हवेत ठेवून चालवले, तेव्हा मोटर १८ अँपिअर घेत होती; सुतळी कापून काढल्यावर तीच मोटर ५ अँपिअरवर आली. अशी मोटर पूर्ण भारावर साधारण ३० अँपिअर घेते, तर हवेत फिरणाऱ्या चाकाला १८ लागणे म्हणजे कुठे तरी अडकाठी आहे, हे उघड आहे. त्यासाठी डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर हवा, साधा एसीचा क्लॅम्प मीटर इथे शून्यच दाखवतो. शिवाय समुद्राजवळच्या हवेत केबलच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या जोडावर, हिरवा गंज चढतो. आमच्याकडे एका लगवर तो होता, आणि अशा सांध्यावर व्होल्टेज पडून यंत्र चढावर दम सोडते.

"मोटर जळली" असे कोणी सांगितले, तर ती यंत्रावरून उतरवू देण्याआधी काही गोष्टी आपल्या डोळ्यांसमोर मोजून घ्याव्यात. पूर्ण चार्ज झालेला २४ व्होल्टचा बॅटरी संच विश्रांतीनंतर २५.४ व्होल्टच्या आसपास असतो, आणि यंत्र चढावर असताना तो २१ च्या खाली कोसळत असेल तर दोष आधी बॅटरीत शोधावा. पेडल दाबल्यावर मोटरच्या मागच्या विद्युत ब्रेकचा 'टक' असा आवाज येतो का, ते ऐकावे; ही ब्रेक वीज मिळाल्यावर सुटते, आणि तिची कॉइल गेली असेल तर चांगली मोटर लावलेल्या ब्रेकविरुद्ध ओढत राहून तापते. माझ्या समजुतीप्रमाणे जळाली म्हणून फेकल्या जाणाऱ्या कित्येक मोटरी याच कारणाने बळी जातात. मग केबली कंट्रोलरपासून सोडवून, शाफ्ट हाताने सावकाश फिरवत, मल्टिमीटरने दोन टोकांमधला रोध पाहावा. तो मध्येच एकदम तुटत असेल तर दोष ब्रश किंवा कम्युटेटरमध्ये असू शकतो, आणि अजिबात तुटत नसेल तर आर्मेचरची तार बहुधा तुटलेली नाही. मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर, लावायचा असल्यास कंट्रोलर सोडवल्याशिवाय लावू नये, नाहीतर मोटर ठीक निघेल आणि कंट्रोलर जाईल, आणि कंट्रोलर मोटरपेक्षा महाग असू शकतो.

आणि मोटर न्यायची वेळ आलीच, तर तिच्यावर स्वतःची खूण करावी. पंचचे टिंब सर्वांत चांगले, कारण रंग त्याला झाकतो, पुसत नाही. नावाची पट्टी, झाकणाचा सांधा, केबलची टोके यांची छायाचित्रे काढावीत. बदल्यात किती सूट मिळते याकडे न पाहता जुनी मोटर परत मागावी. भंगाराच्या भावाने तांबे आणि लोखंड आपल्याला मिळतेच, आणि प्रामाणिक मेकॅनिक ती द्यायला कधी कां-कू करत नाही.

तक्रारीचा मार्ग सोपा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक ठरत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्यासाठी त्यात अपवाद आहे, पण कामगार ठेवणाऱ्या कारखान्याला तो लागू करून घेणे अवघड आहे, असे आमच्या वकिलांनी सांगितले. पोलीस ठाण्यात आधी "हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा" असे ऐकावे लागले. ते अगदीच चुकीचे नाही, कारण केवळ करार मोडणे म्हणजे फसवणूक नव्हे, सुरुवातीपासूनचा लबाडीचा हेतू दाखवावा लागतो. परंतु आमचीच मोटर नवी म्हणून विकणे, दुसऱ्याच मोटरची छायाचित्रे पाठवणे आणि रद्द झालेल्या नोंदणीचे बिल देणे, या तिन्ही गोष्टी एकत्र मांडल्यावर आणि पंचच्या खुणेची दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली अर्ज स्वीकारण्यात आला. बनावट बिलाची माहिती जीएसटी कार्यालयाला वेगळी कळवली आहे. वकिलाची नोटीस गेल्यानंतर त्याच व्यक्तिगत खात्यावरून १० हजार रुपये आले, त्यासोबत 'हिशेब मिटला' असा एक निरोपही आला. वकिलांच्या सल्ल्याने त्याला लेखी उत्तर दिले आहे की ही रक्कम अंशतः परतफेड म्हणून स्वीकारली असून तक्रार मागे घेतलेली नाही.

मोटर पंचनाम्यासाठी राखून ठेवायची असल्यामुळे कंपनीकडून खरी नवी मोटर मागवावी लागली. ती खोक्यातून, तपासणीच्या कागदासह आणि बिल्टीवर आली. फिटरने ती बसवण्याआधी झाकणावर आणि बॉडीवर दोन टिंबे मारली, आणि हबमधली सुतळी काढण्याचे काम आता दर शनिवारच्या यादीत आहे.