चार पायांची काठी : उभी राहते छान, चालवते जेमतेम

पक्षाघाताचा पेशंट घरी आला की सर्जिकलच्या दुकानातून पहिल्या आठवड्यातच येणारी वस्तू म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची चार पायांची काठी. दुकानात तिला क्वाड्रिपॉड म्हणतात, कुणी सरसकट ट्रायपॉडही म्हणतं. किंमत साधारण ६०० ते १,५०० रुपये, वजन पाऊण ते एक किलो. चार पाय म्हणजे चौपट आधार, असं धरून लोक ती घेतात. हा हिशेबच चुकीचा आहे.

आधी तिचा खरा गुण. हात सोडला तरी ती उभी राहते. एकच हात चालणाऱ्या माणसाला ही केवढी सोय, हे दाराची कडी काढताना नाहीतर नळ सोडताना कळतं. साधी काठी भिंतीला टेकवली की घसरते, मग ती उचलायला वाकणं आलं, आणि तोल जातो तो वाकतानाच.

दोष दिसतो चालताना. चारही रबरं एकदम टेकली तरच ती स्थिर. माणूस जरा झपाट्याने निघाला की मागचे दोन पाय आधी टेकतात, मग काठी पुढच्या दोनांवर डुलते, आणि नेमका तेव्हाच अंगाचा भार तिच्यावर असतो. शहाबादी फरशीच्या उंचसखल सांध्यावर किंवा अंगणातही तीच गत. सावकाश, थांबत थांबत चालणाऱ्याचीच ही काठी.

खालची चार पायांची बैठक दोन आकारांत मिळते : लहान, साधारण १५ बाय २० सेंटिमीटर, आणि मोठी, साधारण २० बाय ३० सेंटिमीटर. आमचं मत स्पष्ट आहे, घरासाठी लहानच घ्या. मोठी बैठक दोन खोल्यांच्या घरात पलंगाच्या पायाला, दाराच्या चौकटीला अडकते आणि जिन्याच्या पायरीवर मावत नाही.

पेशंटला न नेता खरेदी करायची असेल तर निदान माप नीट घ्या. रोजच्या चपला घालून पेशंटला सरळ उभं करा, धड बाजूचा हात सैल सोडा. मनगटाची घडी जमिनीपासून जितकी उंच, तितकी मूठ उंच. मूठ धरल्यावर कोपर २० ते ३० अंश वाकलेलं दिसलं पाहिजे. खांदा कानाकडे चढला तर काठी उंच आहे, कमरेतून झुकावं लागलं तर बुटकी. उंचीची भोकं साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावर असतात. स्प्रिंगचं बटण भोकातून पूर्ण बाहेर आल्याचं बोटाने चाचपा आणि त्याखालची चकती घट्ट आवळा. काठीचा खडखडाट येतो तो बहुतेक ही चकती सैल राहिल्यामुळे.

यानंतरची चूक जवळपास प्रत्येक घरात दिसते. काठी वरून पाहा : दांडा मधोमध नसतो. एका बाजूचे दोन पाय सरळ खाली जातात, दुसऱ्या बाजूचे बाहेर फाकलेले असतात. सरळ बाजू अंगाकडे, फाकलेली बाहेर. उलट धरली की पेशंटचं पाऊल त्या फाकलेल्या पायात अडकतं. डावी बाजू गेलेल्यासाठी घेतलेली काठी उजवी बाजू गेलेल्याला द्यायची तर बैठक १८० अंश फिरवावी लागते, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये ती फिरते.

काठी धड हातात. आधी काठी एक वीतभर पुढे, मग अधू पाय, मग धड पाय. काठी फार पुढे टाकली की अंग तिच्यामागे ओढलं जातं. खुर्चीतून उठताना काठी ओढून उठू नये. खुर्चीच्या हाताला रेटून उठावं, उभं राहून दोन श्वास घ्यावेत, मग काठी धरावी. सोबतच्या माणसाने अधू बाजूला, अर्धं पाऊल मागे राहून कमरेच्या पट्ट्याला धरावं. अधू हात धरून ओढू नये, खांद्याचा सांधा आधीच सैल झालेला असतो.

जिन्यात चढताना धड पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. काठी आडवी फिरवूनही तिचा एखादा पाय पायरीबाहेर राहत असेल तर ती खालीच ठेवा आणि कठडा धरा. कठडा एकाच बाजूला असला की चढताना धड हाताला येणारा कठडा उतरताना अधू हाताकडे जातो. तेव्हा पाठमोरं उतरणं हा उपाय आहे, पण तो फिजिओथेरपिस्टसमोर शिकूनच.

काठी पाऊल उचलत नाही, हेही सांगायला हवं. अंगठा जमिनीला घासत असेल तर गरज पायाच्या स्प्लिंटची (पाऊल लोंबू न देणाऱ्या आधाराच्या साच्याची) आणि मागे पट्टा असलेल्या सँडलची आहे. हवाई चप्पल अधू पायातून निसटते, आणि ते पेशंटला कळतही नाही. मापाचा स्प्लिंट मुंबईत हाजी अलीच्या सरकारी पुनर्वसन संस्थेत करून मिळतो. स्प्लिंट काढल्यावर कातडीवरची लाली अर्ध्या तासात गेली नाही तर तो दुरुस्तीला न्या.

ही काठी कुणाला देऊ नये? काही पेशंट धड हातापायाने स्वतःला अधू बाजूकडे ढकलत राहतात, आणि कुणी सरळ करू लागलं तर आणखी जोर लावतात. त्यांच्या हातात काठी म्हणजे ढकलायला टेकूच. आधी धड बाजू भिंतीलगत ठेवून सरळ उभं राहणं शिकवावं लागतं. न धरता अर्धा मिनिटही उभं राहता येत नसेल तरी ती घाई आहे.

एक सोपी तपासणी : काठीखाली घरचा वजनकाटा ठेवा, पाय त्याच उंचीच्या पाटावर, आणि पेशंटला अधू पायावर भार घ्यायला सांगा. ६० किलोच्या माणसाचे १५ किलोपेक्षा जास्त काट्यावर दिसले तर पाय काम करत नाही, हात करतोय. दुसरी तपासणी चालीची : सोसायटीच्या पार्किंगमध्ये १० मीटरवर खडूने दोन रेघा मारा, दोन्हीकडे दोन मीटर जागा मोकळी सोडा आणि रेघेपासून रेघेपर्यंतची वेळ मोजा. २५ सेकंदांहून जास्त लागत असतील तर घरात ही काठी बरोबर आहे. वेळ २० सेकंदांच्या खाली आली की ती डुलायला लागते. मग फिजिओथेरपिस्टला विचारून एकपायी काठीवर जावं. आजोबांची वेताची काठीही चालते, मापाला कापून खाली नवं रबर बसवलं तर.

रबर हाच या काठीचा झिजणारा भाग. महिन्यातून एकदा चारही उलटून पाहा. खाचा गुळगुळीत झाल्या असतील तर चारही एकदम बदला. एकच बदललं तर तो पाय उंच होतो आणि काठी सपाट फरशीवरही डुलते. जुनं रबर सोबत न्या, कारण नळीची जाडी मॉडेलनुसार बदलते आणि सैल बसलेलं रबर ओल्या न्हाणीघरात निघून येतं.