ड्रेसचं अस्तर आधी जांभळं होतं, मग क्रीम झालं: माझे १,४३५ युरो कसे गेले

एकूण १,४३५ युरो, मुलीच्या आयरिश डान्सच्या ड्रेसपायी, जो कधी आलाच नाही. घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबर २०२५ ला ३००. शुक्रवारी २६ तारखेला १,०५०. आणि दसऱ्याला, २ ऑक्टोबरला, ८५. रुपयांत जवळजवळ दीड लाख. हा आकडा मी अजून सासरी सांगितलेला नाही. आईला फोनवर "थोडे पैसे अडकलेत" एवढंच म्हणाले. आज इथे पूर्ण लिहितेय, कारण तोच ड्रेस पुन्हा विकायला लागलाय.

आम्ही डब्लिनजवळ राहतो. सई बारा वर्षांची आहे. पहिलीत असताना शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी आयरिश डान्सचा क्लास लागायचा, तिथे मैत्रिणीबरोबर गेली आणि तिथलीच झाली. कमरेच्या वरचं शरीर ताठ, हात बाजूला सरळ आणि सगळा खेळ पायांचा. रील आणि स्लिप जिग या प्रकारांसाठी मऊ बूट, हॉर्नपाइप आणि ट्रेबल जिगसाठी फायबरग्लासची टोकं आणि टाचा असलेले कडक बूट. स्पर्धेला इथे 'फेश' म्हणतात. रविवारी पहाटे उठून दीड-दोन तास गाडी चालवायची, एखाद्या शाळेच्या नाहीतर हॉटेलच्या हॉलमध्ये दिवसभर बसायचं, आणि मुलगी स्टेजवर जेमतेम दोन मिनिटं. मोजे घसरू नयेत म्हणून पोटरीला गोंद लावतात, डोक्यावर कुरळ्या केसांचा विग. हे सगळं मी शिकले, आवडीने शिकले.

आता "एका फ्रॉकला दीड लाख?" म्हणणाऱ्यांसाठी, कारण मला हे चार जणांनी तोंडावर विचारलंय. खालच्या गटांत क्लासचा साधा ड्रेस चालतो. वर गेल्यावर प्रत्येकीचा स्वतःचा सोलो ड्रेस असतो. मापाने शिवलेला, भरतकामाचा, एकेक खडा हाताने चिकटवलेला. आम्हाला नव्याचा भाव मिळाला २,२०० युरो आणि वाट बघायची पाच महिने. ज्यांनी घरात मुलीचं भरतनाट्यमचं अरंगेत्रम केलंय त्यांना विचारा, हौस म्हणजे काय आणि हिशेब म्हणजे काय. आम्ही उधळे नाही. सईचा आधीचा ड्रेस क्लासमधल्याच मोठ्या मुलीचा होता, ६५० युरोंना घेतलेला. दोन वर्षं वापरला. या उन्हाळ्यात ती इतकी उंच झाली की शिवणीतलं सगळं कापड सोडूनही कंबर वर चढायला लागली. नोव्हेंबरात प्रांताची स्पर्धा होती. इथे सगळेच वापरलेले ड्रेस घेतात आणि उंची वाढली की पुढे विकतात. त्यात लाज नाही आणि धोकाही नसतो, असं मला वाटायचं.

२० सप्टेंबरला जाहिरात दिसली. मोरपंखी मखमल, छातीवर चांदीच्या जरीच्या गाठींची नक्षी, कोपरापासून खाली पारदर्शक बाह्या. किंमत १,३५०. मुलीचा चेहरा झाकलेला होता, तो सगळेच झाकतात. विकणारी बाई कॉर्कजवळची, मुलीने डान्स सोडला म्हणून विकतेय. बोलणं अगदी आपल्यासारख्या आईचं. तिने मला सईच्या गुडघ्याबद्दल विचारलं, कडक बुटांत टाचा दुखतात का विचारलं. मी बाहेरची आहे, मला कोणी फसवेल अशी धास्ती मला इथे सात वर्षांत कधी वाटली नव्हती, आणि या बाईशी बोलताना तर नाहीच. आणखी दोघी विचारताहेत म्हणाली, म्हणून ३०० आगाऊ दिले.

मग मी मापं मागितली. हे मी नीट केलं, हे मला सांगायचंच आहे. काखेपासून काखेपर्यंत, खांद्यापासून कमरेपर्यंत, बाहीची लांबी, घेर, सगळं टेप लावून फोटोत दाखवा म्हटलं. बुधवारी रात्री फोटो आले. ड्रेस उलटा करून पलंगावर पसरलेला, त्यावर पिवळी टेप, काखेपासून काखेपर्यंत पंधरा इंच. आणि अस्तर क्रीम रंगाचं.

जाहिरातीतल्या तिसऱ्या फोटोत मुलगी गिरकी घेताना घेर उडालाय आणि आतलं अस्तर दिसतंय. ते जांभळं आहे.

माझी आई मिरजेला घरी ब्लाउज शिवायची. मी अस्तराच्या चिंध्यांत वाढले. कोणत्या कापडाला कोणतं अस्तर, कोणतं घामाने विटतं, हे मला सातवीत कळत होतं. मी त्या दोन फोटोंवर पाच मिनिटं थांबले. एक फोटो मोठा केला, मग दुसरा मोठा केला. आणि मग मी काय लिहिलं, ते जसंच्या तसं सांगते: "घामाने खराब झालं म्हणून अस्तर बदलून घेतलंत का?"

तिने लिहिलं, "हो, गेल्या वर्षी."

ती बाई गप्प होती, खोटं मी तिच्या हातात दिलं. नुसतं "अस्तराचा रंग कोणता?" एवढंच विचारलं असतं तर ती अडकली असती. जांभळं म्हणाली असती तर टेपचा फोटो खोटा, क्रीम म्हणाली असती तर जाहिरात खोटी. मला शंका आली आणि माझ्याच माहितीने मी तिचं समाधान करून टाकलं. याचा मला पैशांपेक्षा जास्त त्रास होतो. तेव्हा हे आधी डोक्यात ठेवा: विकणाऱ्याला प्रश्न विचारताना त्यात उत्तर घालू नका. विचारा आणि गप्प बसा.

दुसरी खूण खातं क्रमांकात होती. आयर्लंडचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातं क्रमांक, 'आयई' अक्षरांनी सुरू होतो, हिचा 'एलटी'ने, म्हणजे लिथुआनियाचा. पण मोबाइल ॲपवाल्या बँकांमुळे इथे कितीतरी लोकांची खाती तशी होती. माझ्या ऑफिसातल्या दोघांची होती. म्हणून त्यावर मी संशय घेतला नाही, आणि त्याबद्दल मी स्वतःला दोष देणार नाही. कार्डने देऊ का विचारलं तर म्हणाली, त्यात माझं कमिशन कापलं जातं. १,०५० पाठवले. दहा सेकंदांत पोचले.

दसऱ्याला सकाळी निरोप आला की कुरिअरवाले एवढ्या किमतीच्या पार्सलला विमा मागताहेत, ८५ युरो, ड्रेस पोचला की परत मिळतील. नवरा म्हणाला, आता हे कशाला? मी म्हटलं, आज दसरा आहे, आज नको वाद. घरात श्रीखंड होतं, आपट्याची पानं नव्हती म्हणून सईने कागदाची कापली होती. मी ८५ पाठवले. त्या दिवशी दुपारनंतर त्या बाईचं नाव, फोटो, आमचं सगळं बोलणं, काहीच दिसेना.

पुढचं वाचताना संताप होईल, पण वाचा.

शनिवारी बँकेच्या फसवणूक विभागाला फोन. ४७ मिनिटं संगीत ऐकलं. मग एका मुलाने सांगितलं, व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय, त्यामुळे ही 'अनधिकृत' देवघेव नाही. समोरच्या बँकेला परत मागणीची विनंती पाठवतो म्हणाला. मी विचारलं, त्यांनी नाही म्हटलं तर? तर नाही. लेखी तक्रार केली. बँकेचं उत्तर कामाच्या अडतिसाव्या दिवशी आलं. दीड पानाचं पत्र. खात्यात रक्कम शिल्लक नाही, खातं तुम्ही दिलेल्या नावाचं नव्हतं, आम्हाला खेद आहे. नावाचं नव्हतं! मग माझ्याकडून नाव भरून कशाला घेतलंत? युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे जाण्याआधी नाव आणि आयबॅन जुळतात का हे दाखवणं बंधनकारक झालं ९ ऑक्टोबर २०२५ पासून. माझे शेवटचे पैसे गेले २ तारखेला. सात दिवस. आता तुमच्या ॲपवर 'नाव जुळत नाही' असं आलं तर तिथेच थांबा, समोरून नवऱ्याचं खातं, भावाचं खातं, काहीही सांगोत.

गार्डा, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, स्टेशनवर शनिवारीच संध्याकाळी गेले. खिडकीतला तरुण गार्डा चांगला बोलला, पण म्हणाला, वस्तू मिळाली नाही हा दिवाणी वादही असू शकतो. मी म्हटलं, वस्तूच नाही, बाईच नाही, वाद कोणाशी घालू? स्क्रीनशॉट छापून आणा म्हणाला. सोमवारी ऑफिसातून लवकर निघून ६२ पानं छापून नेली. तेव्हा तो नव्हता. ज्या बाई होत्या त्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं, "आयरिश डान्सचा ड्रेस? तुमच्या मुलीसाठी?" हा दुसरा प्रश्न त्यांनी का विचारला ते मला कळलं आणि त्यांनाही कळलं. तक्रारीचा नंबर मिळाला. तीन आठवड्यांनी मीच फोन केला तेव्हा कळलं की खातं परदेशात, रक्कम लहान, फाइल अजून कोणाकडे दिलेली नाही. आमच्या घराचा पाऊण महिन्याचा हप्ता म्हणजे लहान रक्कम.

जिथे जाहिरात होती तिथे तक्रार केली. उत्तर यंत्राचं: आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. डान्सच्या संस्थेला ईमेल केला. पालकांमधली खासगी खरेदी-विक्री आमच्या कक्षेत येत नाही. मान्य, येत नसेल. पण २०२२ मध्ये परीक्षकांवर निकाल फिरवल्याचे आरोप झाले तेव्हा याच नृत्यासाठी माजी न्यायाधीश बोलावले होते, जगभर बातम्या आल्या. ड्रेसशिवाय या स्पर्धेत मुलगी उभी राहू शकत नाही, आणि त्या ड्रेसचा बाजार कोणाच्याच कक्षेत नाही? प्रत्येक फेशच्या कार्यक्रमपत्रिकेत दोन ओळींचा इशारा छापायला काय लागतं?

सगळ्यात कडू घोट नणंदेच्या फोनने दिला. ती बेलफास्टला, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये असते, गाडीने दोन तास. तिकडे ब्रिटनचा नियम. ७ ऑक्टोबर २०२४ पासून असे फसवून पाठवायला लावलेले पैसे बँकांना परत द्यावे लागतात, देशातल्या देशात पाठवले असतील तर, ८५ हजार पौंडांपर्यंत. फार तर शंभर पौंड कापतात. त्याच फेशमध्ये, त्याच स्टेजवर, सईच्या शेजारी नाचणारी बेलफास्टची मुलगी. तिच्या आईने तिकडच्याच खात्यात पाठवले असते तर परत मिळाले असते. माझे नाही.

माहीत असतं तर मी काय केलं असतं, ते ऐका. या नृत्यात प्रत्येक मुलगी कोणत्या ना कोणत्या क्लासची असते आणि शिक्षक एकमेकांना ओळखतात. विकणारीला क्लासचं नाव विचारा आणि तुमच्या शिक्षिकेला एक फोन करायला सांगा. मला हे आमच्या शिक्षिकेनेच नंतर सांगितलं, आणि तिचे डोळे भरून आले होते. मी तिला आधी विचारलं नाही, कारण परक्या देशात सारखं कोणाला त्रास द्यायचा नाही ही आपली सवय. ती सवय मोडा.

व्हिडिओ कॉल करा. पाठवलेला व्हिडिओ नको, चालू कॉलवर ड्रेस उलटा करायला सांगा, शिवणाऱ्याचं लेबल वाचायला सांगा, मग त्या शिवणाऱ्यांना विचारा. शक्यतो पुढच्या फेशला हातात घ्या, मुलीला घालून बघा, तिथेच पैसे द्या. लांबून घ्यायचाच असेल तर कार्डने. कमिशन तुम्ही द्या, पण कार्डने. आणि नाव-पत्ता गायब झाल्याचं दिसताक्षणी बँकेला फोन करा. मी 'नेटवर्क नसेल' म्हणत दोन दिवस घालवले. विमा, कस्टम, पॅकिंग, नंतर मागितलेला एकही युरो देऊ नका.

सई नोव्हेंबरात क्लासने दिलेल्या जुन्या ड्रेसमध्ये नाचली. खांद्यावर मोठा होता, आतून सेफ्टी पिना लावल्या. तिने एकदाही कुरकूर केली नाही. फक्त रात्री विचारलं, "आई, त्या बाईला खरंच मुलगी असेल का गं?"

परवा तोच ड्रेस पुन्हा दिसला. आता किंमत १,२८०, विकणारी लिमरिकची, नाव वेगळं. मी खाली लिहिलं की ही फसवणूक आहे, पाच मिनिटांत मला ब्लॉक केलं. म्हणून वर्णन लिहून ठेवतेय: मोरपंखी मखमल, छातीवर चांदीच्या जरीच्या तीन गुंफलेल्या गाठी, कोपराखाली पारदर्शक बाह्या, डाव्या बाहीवर खड्यांची एक ओळ तुटलेली. गिरकीच्या फोटोत अस्तर जांभळं आहे. टेपचा फोटो मागा, आणि अस्तराचा रंग विचारा.