भाक्रा आणि हिराकुड: पूर कोण चांगला अडवतं?
सतलजवरचं भाक्रा धरण २२६ मीटर उंच, पण माथ्यावर लांबी जेमतेम ५१८ मीटर. अरुंद घळीत ठोकलेली काँक्रीटची पाचरच. महानदीवरच्या हिराकुडची उंची ६१ मीटर, मात्र मातीचे बांध धरले तर लांबी सुमारे २६ किलोमीटर! विजेत भाक्रा सरस. एवढ्या उंचीवरून पडणाऱ्या पाण्याची ताकदच वेगळी.

खरा कस पुरात लागतो. सतलजला उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचं पाणी मिळतं. हिराकुड जवळपास सगळं पावसाच्या भरवशावर. पूर अडवायला पावसाळ्यात धरणात जागा मोकळी हवी, आणि शेतीला, विजेला तेच धरण काठोकाठ हवं. लवकर भरून घेतलं आणि वरच्या अंगाला मुसळधार झाली, की दरवाजे उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. हिराकुडच्या खाली ओडिशाचा सपाट, दाट वस्तीचा त्रिभुज प्रदेश. म्हणून हिराकुड सांभाळणं मला कितीतरी अवघड वाटतं.

विस्थापनात मात्र दोघांत डावं-उजवं करवत नाही. हिमाचलातल्या बिलासपूरचं जुनं गाव भाक्राच्या जलाशयात, गोविंदसागरात गेलं. पाणी उतरलं की दोन्हीकडे बुडालेली देवळं गाळ अंगावर घेऊन वर येतात.