चौथी झाली, पाचवीला कुठे? जवळचे सरकारी हायस्कूल की शहरातले अनुदानित

गोव्यात मराठी किंवा कोंकणी माध्यमाची सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत असते. पाचवीला हायस्कुलात जायचे, आणि तिथले माध्यम जवळजवळ सगळीकडे इंग्रजी. मराठी माध्यमाची हायस्कुले बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे सत्तरी, डिचोली, पेडणे, सांगे भागांतल्या घरांत चौथीचे वर्ष सरत आले की एकच विषय निघतो: मुलाला जवळच्या सरकारी हायस्कुलात घालायचे, की वाळपई, डिचोली, म्हापसा, फोंडा अशा शहरातल्या संस्थेच्या अनुदानित हायस्कुलात?

दोन्हीकडे अभ्यासक्रम तोच, दहावीला गोवा बोर्डाची परीक्षा तीच, शिक्षकांचा पगारही दोन्हीकडे सरकारी तिजोरीतून. म्हणून ‘चांगली शाळा कुठली’ या प्रश्नापेक्षा ‘पाचवीच्या पहिल्या सहामाहीत आपल्या मुलाकडे लक्ष कोण देणार’ हा प्रश्न धरून चला. दहावीच्या निकालाची टक्केवारी त्याचे उत्तर देत नाही. पाचवी-सहावीत मागे राहून नववीच्या आत शाळा बदललेल्या मुलांची नोंद त्या टक्केवारीत नसतेच.

पाचवीत नेमके काय बदलते

प्राथमिक शाळेत, त्यातही एकशिक्षकी असेल तर, चारही वर्ग एकाच बाईंकडे असतात. मूल बाईंना ओळखते, बाई मुलाच्या आजीलाही ओळखतात. हायस्कुलात दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी घंटा, दर तासाला वेगळे शिक्षक, प्रत्येकाची वही वेगळी. सुरुवातीला बरीच मुले अभ्यासाआधी वेळापत्रकातच अडखळतात. कुठल्या दिवशी काय न्यायचे कळत नाही म्हणून सगळेच दप्तरात कोंबतात, आणि तरी हवी ती वही घरीच राहते.

मग येते भाषा. इंग्रजी विषय पहिलीपासून असतो, पण इंग्रजी शिकणे वेगळे आणि इंग्रजीतून गणित शिकणे वेगळे. लसावि, मसावि, अंश, छेद, परिमिती मुलाला येत असते. वर्गात एलसीएम, एचसीएफ, न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, पेरिमीटर कानावर पडते आणि येत असलेले गणितही अनोळखी होते. संख्यावाचनातला घोळ याहून बारीक आहे. मराठीत एकक आधी बोलतो: छत्तीस म्हणजे सहा आणि तीस. इंग्रजीत दशक आधी. ‘थर्टी सिक्स’ ऐकले की मूल आधी ऐकलेले तीन एककाच्या घरात टाकते आणि ६३ लिहिते. ‘एकोणचाळीस’ मराठीत चाळिसाला जोडलेले, इंग्रजीत तेच तिसाच्या घरात. शिवाय देवनागरी अंकांची सवय असेल तर आपला ४ आणि इंग्रजी आठ घाईत एकमेकांत मिसळतात. ज्या शिक्षकाला हे ठाऊक आहे तो रोज दहा मिनिटांच्या अंकलेखनाने काही आठवड्यांत हे सोडवतो. ज्याला ठाऊक नाही तो वहीवर ‘पाया कच्चा’ लिहून मोकळा होतो.

पाचवीचा वर्ग कोणाच्या हाती

शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवी हा प्राथमिक टप्पा धरतो. गोव्यात मात्र पाचवी हायस्कुलात बसते, त्यामुळे दहा वर्षांच्या मुलांसमोर बहुधा बीएड झालेले, किशोरवयीन मुलांना शिकवण्याची तयारी केलेले शिक्षक उभे राहतात. त्यात अनुभवी शिक्षक नववी-दहावीला लागतात आणि पाचवी अनेकदा नव्या किंवा लेक्चर बेसिसवरच्या, म्हणजे तासानुसार मानधन घेणाऱ्या शिक्षकाकडे जाते. हे सरकारीतही होते, अनुदानितातही. फरक पुढे पडतो.

गावाकडच्या सरकारी हायस्कुलात पाचवीचा वर्ग बहुतेक वेळा लहान असतो. वीसेक मुलांत कोण गप्प बसले आहे ते शिक्षकाला दिसते. उणी बाजू म्हणजे बदली. गणिताचे एकच शिक्षक असतील आणि त्यांची वर्षाच्या मध्यावर बदली झाली, तर नवा माणूस येईपर्यंत तो तास रिकामा जातो किंवा दुसऱ्या विषयाचे शिक्षक सांभाळतात. अनुदानित संस्थेतला शिक्षक सहसा त्याच संस्थेत निवृत्त होतो. मोठ्या भावाला शिकवलेले सर धाकट्यालाही असतात. पण शहरातल्या नावाजलेल्या हायस्कुलात एका तुकडीत चाळीसच्या घरात मुले असतात, आणि त्यांतली बरीच इंग्रजी प्राथमिकातून आलेली. तिथे मराठी शाळेतले मूल बुजते. त्याला प्रश्न कळतो, उत्तरही येते, पण शेजारचा फडाफडा इंग्रजी बोलतो म्हणून हात वर होत नाही.

नव्या शिक्षकाला मिळणारा आधारही दोन्हीकडे सारखा नाही. अनुदानित हायस्कुलात त्याच विषयाचे दोन-तीन ज्येष्ठ सहकारी स्टाफरूममध्येच असतात. प्रश्नपत्रिका कशी काढायची, गुण कसे भरायचे हे विचारायला माणूस मिळतो. मात्र स्नेहसंमेलन, स्काउट, बालरथाची (शाळेच्या बसची) यादी अशी सगळी जादा कामेही नव्याच्याच गळ्यात पडतात. सरकारी लहान हायस्कुलात तो आपल्या विषयाचा एकटाच. त्याने तालुक्याचे भागशिक्षणाधिकारी आणि गट संसाधन केंद्रातल्या साधनव्यक्तींशी पहिल्याच महिन्यात ओळख करून घ्यावी, पर्वरीच्या एससीईआरटीची (राज्य शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेची) प्रशिक्षणे कधी आहेत ते विचारून ठेवावे. आणखी एक काम कोणी सांगत नाही, पण सगळ्यांत जास्त उपयोगी पडते: आसपासच्या ज्या तीन-चार प्राथमिक शाळांतून मुले आली, तिथल्या शिक्षकांना एक फोन. कोण वाचनात अडते, कोणाला चष्मा हवा आहे, कोणाच्या घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, हे पाच मिनिटांत कळते. एरवी कळायला पहिली सहामाही जाते.

पालकांनी मुख्याध्यापकांना हेच विचारावे: पाचवीचे वर्गशिक्षक कोण, गणिताला कोण, ते कायम आहेत का, आणि मराठी-कोंकणी शाळांतून आलेल्या मुलांसाठी पहिल्या दोन महिन्यांत वेगळे काय करता. शेवटच्या प्रश्नाला ‘सगळ्यांना सारखेच’ असे उत्तर आले तर ती शाळा तुमच्या मुलासाठी तयार नाही, मग इमारत कितीही मोठी असो.

अंतर, बस आणि भूक

हायस्कुले सकाळी आठच्या आसपास भरतात आणि दीडच्या सुमाराला सुटतात. तीन किलोमीटरवरचे मूल सात वाजून गेल्यावर निघते. सत्तरीच्या आतल्या गावातून वाळपईला किंवा त्याही पुढे जाणारे मूल साडेसहाला रस्त्यावर उभे असते, जुलैच्या पावसात रेनकोटातही ओले. बालरथ ही योजना मुख्यत्वे अनुदानित शाळांची. सरकारीतली मुले बहुधा कदंब महामंडळाच्या सरकारी बसवर असतात, त्यासाठी सवलतीचा पास मिळतो. बालरथ दारापर्यंत येतो असे गृहीत धरू नका. तुमच्या वाड्यावर येतो की हमरस्त्यावरच थांबतो, परतीच्या किती फेऱ्या, जादा तास किंवा क्रीडास्पर्धा असेल त्या दिवशी मुलाला कोण आणणार, हे प्रवेशाआधी विचारा. दोन फेऱ्या असतील तर दुसऱ्या फेरीचे मूल घरी पोचेपर्यंत तीन वाजतात.

माध्यान्ह आहार आठवीपर्यंत दोन्हीकडे मिळतो. गोव्यात तो स्वयंसाहाय्य गट पुरवतात, पाव-भाजी नेहमीची. साडेसहाला चहा-बिस्किटावर निघालेल्या मुलाला तो येईपर्यंत कळ काढवत नाही. लांबची शाळा घेणार असाल तर सकाळची भाकरी किंवा पेज पोटात गेल्याशिवाय मूल बाहेर पडणार नाही अशी घरची व्यवस्था आधी लावा. दुसऱ्या-तिसऱ्या तासाला पेंगणारी मुले बहुधा उपाशी असतात.

आमचा अंदाज असा: एका बाजूचा प्रवास पाऊण तासापेक्षा जास्त असेल तर दहा वर्षांच्या मुलासाठी शहरातल्या शाळेचा फायदा रस्त्यातच संपतो. आठवीला चित्र वेगळे असते.

खर्च

यात फार अडकू नका. आठवीपर्यंत दोन्हीकडे पाठ्यपुस्तके मोफत. फरक पडतो तो पालक-शिक्षक संघाची वर्गणी, गणवेशाचे दोन प्रकार, सहली आणि मुख्य म्हणजे शिकवणी यांत. शहरातल्या शाळेत पाचवीपासूनच शिकवणी लावायची रीत असते. तो खर्च आणि ती वेळ आधीच धरा.

मराठी पुढे राहणार का

इंग्रजी माध्यमात मराठी एक भाषा-विषय म्हणून उरते, आणि तेही शाळेत तो विषय शिकवत असतील तर. काही ठिकाणी कोंकणी, संस्कृत किंवा फ्रेंच एवढेच पर्याय असतात. मराठी दहावीपर्यंत सलग आहे की आठवीत सुटते, हे विचारून घ्या. ज्या भाषेत मूल विचार करते ती अचानक तोडली की इंग्रजीही नीट उभी राहत नाही.

शाळा कितवीपर्यंत आहे हेही पाहा. काही सरकारी शाळा मिडल स्कूल आहेत, सातवी-आठवीला संपतात. मग तीन-चार वर्षांत पुन्हा दाखला, पुन्हा नवी शाळा.

नवोदयचा विचार असेल तर आधी हे वाचा

गोव्यात वाळपई आणि काणकोण इथे जवाहर नवोदय विद्यालये, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळा आहेत. प्रवेश सहावीला, पण परीक्षा पाचवीत असताना द्यावी लागते, आणि ती एकदाच देता येते. ८० प्रश्न, १०० गुण, २ तास: बुद्धिमत्ता ५० गुणांची, अंकगणित आणि भाषा २५-२५. परीक्षा मराठीतून देता येते. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. इथेच अनेक पालक फसतात. ग्रामीण कोट्यासाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. शहरी शाळेत त्या काळात एक दिवसही शिकले तर मूल शहरी धरले जाते. म्हणजे पाचवीला शहराच्या हद्दीतले हायस्कूल घेतले की तो कोटा गेला. नवोदय मनात असेल तर पाचवी गावातच काढणे शहाणपणाचे, आणि त्याच जिल्ह्यात.

कागदपत्रे

प्रवेशासाठी परीक्षा किंवा मुलाखत घेणे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंद केले आहे, देणगीही. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. तरी दाखला हातात घेण्याआधी एक काम जरूर करा. जन्मदाखला, आधार आणि शाळेची नोंदवही शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. गोव्यात इथेच घोटाळा होतो. आजोबांच्या कागदावर आडनाव पोर्तुगीज वळणाचे, ‘क’साठी ‘सी’ किंवा ‘क्यू’, ‘श’साठी ‘एक्स’. वडिलांच्या आधारवर ‘के’. मुलाच्या जन्मदाखल्यात तिसरेच. दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव शाळेच्या नोंदीवरूनच जाते. मूल शाळेत असताना चूक एका अर्जाने दुरुस्त होऊ शकते. एकदा शाळा सोडली की तीच चूक वर्षभर खेटे घालायला लावते.

दाखल्यासोबत मुलाचा पेन क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक क्रमांक, मागून घ्या. यूडायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर जुन्या शाळेने मुलाला सोडल्याशिवाय नवी शाळा त्याला आपल्या यादीत ओढू शकत नाही. हे राहून गेले तर मूल वर्गात बसते पण यादीत नसते. पंधरा दिवसांनी नव्या शाळेच्या कारकुनाला एकदा विचारून खात्री करा. दोडामार्ग, सावंतवाडीकडून येणाऱ्यांनी दाखल्यावर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घेऊनच यावे, नाहीतर मधेच परत जावे लागते.

कोणी काय घ्यावे

मूल अबोल असेल, घरी इंग्रजी कोणाला येत नसेल आणि जवळच्या सरकारी हायस्कुलात गणित-इंग्रजीला कायम शिक्षक असतील, तर पाचवी ते सातवी तिथेच काढा. धीट मूल, अर्ध्या तासाच्या आत बस आणि मराठी विषय असलेले अनुदानित हायस्कूल, असा योग असेल तर ते घ्या. सरकारीत दोन मुख्य विषयांच्या जागा रिकाम्या असतील तर मात्र जवळचे म्हणून तिथे अडकू नका.

कुठलीही शाळा घेतलीत तरी घरी एक दुभाषी वही सुरू करा. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, रोज पाच. अपूर्णांक-फ्रॅक्शन, बाष्पीभवन-इव्हॅपरेशन, क्षेत्रफळ-एरिया. चतुर्थीच्या सुट्टीपर्यंत तीनशेच्या आसपास शब्द जमतात. सुट्टी संपली की ती वही आणि पहिल्या चाचणीचे पेपर घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. मूल अजून सकाळी पोटात दुखते म्हणत असेल किंवा वहीची पाने कोरी असतील, तर तेव्हाच बोला. वर्षअखेरीची वाट पाहू नका: २०२५ साली सहावी ते दहावीचे वर्ग जूनऐवजी ७ एप्रिललाच सुरू झाले होते, आणि सहावी सुरू होण्याआधी सावरायला पूर्वीसारखी सुट्टी हाताशी असेल असे धरून चालता येत नाही.